टाक्याचा तळ

नणंद: अजून थोडं बसू दे ना, वहिनी. आत्ता कुठे ऊब यायला लागलीय.

वहिनी: बर्फगार पाण्यात ऊब? छोटी, ओठ जांभळे पडलेत तुझे. ऊठ. खांद्यावर हात टाक माझ्या. सावकाश, फरशी ओली आहे. चल, सॉनाच्या गरम खोलीत.

नणंद: चालते. ओढू नकोस.

(सॉनाचं लाकडी दार लागतं. तापलेल्या दगडांवर पाणी चरचरतं.)

वहिनी: हा पंचा गुंडाळ. खालच्या बाकावरच बस, भोवळ येईल. गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगते, टाक्यात जास्त वेळ बसू नका म्हणून. आणि घरचं माणूसच असं!

नणंद: वहिनी, दादा आहे तिथं. टाक्यात.

वहिनी: गारठ्यानं डोकं बधिर होतं. नाही नाही ते ऐकू येतं.

नणंद: ऐकू येतं, असं कुठं म्हटलं मी? मी नुसतं 'आहे' म्हटलं.

वहिनी: पाय चोळ. टाचा बघ, पांढऱ्याफटक पडल्यात.

नणंद: विषय बदलू नकोस.

वहिनी: परवा त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पहिल्यांदाच. आपल्या घरातलं त्यांना काही म्हणजे काही ठाऊक नाही. पाण्याखाली डोकं घातलं आणि ताडकन उठल्या. मला म्हणतात, 'खाली गाणं लावलंय का हो? कुणीतरी गुणगुणतंय. सूर मात्र पार वाऱ्यावर!'

नणंद: दादाच!

वहिनी: मीही आधी हसले गं. मग आत जाऊन टॉवेल तोंडात कोंबला.

नणंद: मला का नाही सांगितलंस?

वहिनी: सांगून काय करू? तो पोहायला गेला त्या दिवशी तळ्यात पाणबुडे उतरले, जाळी टाकली, काही हाती लागलं नाही. काठावर कपड्यांची घडी तेवढी. मोजेसुद्धा बुटात नीट खोचलेले. आईंना अजून वाटतं, तो कुठेतरी निघून गेलाय. त्यात मी हे सांगू?

नणंद: म्हणून मी रोज टाक्यात उतरते. आधी नुसतं गुणगुणणं होतं. मग बोलायला लागला. आज मी पाय सोडून दिले.

वहिनी: म्हणजे?

नणंद: तळ लागला नाही.

वहिनी: टाकं तुझ्या छातीइतकं आहे, छोटी. फरशी मी स्वतः घासते.

नणंद: माहितीय मला. तरी पाय खाली खाली जात राहिले. पावलांना शेवाळ लागलं, लांब, तळ्यात असतं तसं. आणि भीती वाटली नाही गं. इतकं निवांत वाटलं की तुझ्या हाका ऐकू येत होत्या, पण ओ द्यावीशी वाटेना.

वहिनी: काय बोलतो तो?

नणंद: 'ये, इथं थंडी नाही' म्हणतो.

वहिनी: आणि माझं?

नणंद: वहिनी...

वहिनी: एकदाही नाही विचारलं?

नणंद: नाही.

वहिनी: रात्री आपलं हे स्नानकेंद्र बंद केलं की मीही बसते त्या टाक्यात. दात वाजेपर्यंत. मला फक्त मोटर ऐकू येते. पाय टाकला की लगेच फरशी. डॉक्टरीणबाईंना ऐकू येतो, तुला येतो. मी काय घोडं मारलंय त्याचं?

नणंद: भांडला होतात का त्या दिवशी?

वहिनी: भांडलो असतो तरी बरं होतं. 'जाऊन येतो' म्हणाला, मी झोपेतच 'हं' म्हटलं. कूस बदलली. बस.

नणंद: तुला बोलवायचं नसेल त्याला. पिल्लूला आई हवी.

वहिनी: आणि तुझ्या आईला मुलगी नको? ऊठ, अंगात कपडे घाल. टाकं रिकामं करायचंय.

नणंद: नको! वहिनी, नको. तो आहे त्यात. कुठे जाईल तो?

वहिनी: मला काय माहीत! पण उद्या लोक येतील. त्यातल्या कुणाचे तरी पाय टेकणार नाहीत, आणि त्याला हाका मारायला मी जवळ नसेन. तू इथे दारात उभी राहा. पाण्याजवळ फिरकायचं नाही, सांगून ठेवते. मी झडप उघडते.

नणंद: उतरतंय?

वहिनी: उतरतंय. गुडघ्याइतकं राहिलं. तळ दिसतोय बघ, साधी निळी फरशी. थांब, अडलं. तळाच्या जाळीत काहीतरी बसलंय. केस असतील.

नणंद: हात घालू नकोस!

वहिनी: मग कोण घालणार? आई गं, काय गार... हां, लागली जाळी. निघाला बोळा.

नणंद: घळघळ आवाज येतोय. झालं ना? ये आता.

वहिनी: येते.

नणंद: मग हात का नाही काढत?

वहिनी: तू तिथेच थांब.

नणंद: वहिनी, काय होतंय? रडतेयस?

वहिनी: अंगठी चाचपतोय माझी.

नणंद: ओढून घे हात! वहिनी, ओढ!

वहिनी: ओरडू नकोस गं. थोडंच पाणी उरलंय. तेवढं संपेपर्यंत राहू दे.