लाल रेघेबाहेरचा माणूस

...आणि वर हातमोजे! पांढरे, सुती हातमोजे घालून माझा नवरा फोटो हातात धरतो, तुम्हाला सांगते, जसं काही तान्हं बाळच उचलतोय. आणि आमची पोरगी खरंच तान्ही होती तेव्हा? एका हातात ती, दुसऱ्या हातात हॉटडॉग, आणि मोहरीची चटणी तिच्या टाळूवर! पण फोटोला हातमोजे. बरं, फोटो कुणाचे? माझे? छे! आमच्या लग्नाचा फोटो तळघरात गरम पाण्याच्या टाकीशेजारी बुटांच्या खोक्यात पडलाय, माझ्या आईच्या तोंडाला बुरशी आलीय, म्हणजे फोटोतल्या. आणि हे बेसबॉलवाले मात्र एकेक जण वेगळ्या पाकिटात, माझ्या जेवणाच्या टेबलावर, आणि आम्ही दोघं ओट्याशी उभं राहून जेवतो, घोड्यांसारखं.

मी काही बोलले नाही. माझा तो स्वभावच नाही.

आता तुम्ही म्हणाल, वर्ना, सगळं ईरी शहर बेसबॉलची कार्डं जमवतं, त्यात काय एवढं? अहो, कार्डं जमवली असती तर मी ओवाळलं असतं त्याला! कार्ड केवढंसं, तळहाताएवढं, वर खेळाडूचं चित्र, च्युइंगमच्या पाकिटातून निघायचं. पण आमच्या ऑर्विलला कार्ड नको. ज्या फोटोवरून ते कार्ड छापलं ना, तो मूळ फोटो पाहिजे! त्या काळी कंपनीवाले खेळाडूचा मोठा फोटो काढायचे, त्यावर लाल पेन्सिलीनं चौकोन आखायचे, म्हणजे एवढंच कार्डावर घ्या, बाकीचं सोडा. काम झालं की फोटो कचऱ्यात. आणि जगानं कचऱ्यात टाकलेलं आमच्या घरी येतं. मी विचारलं एकदा, अरे, चित्र तेच, माणूस तोच, मग फरक काय? तर म्हणाला, "वर्ना, कार्डं लाखो छापली. हा कागद एकच. तो माणूस तिथे उभा होता ना, तेव्हाचा हा कागद आहे." आणि असा बघत राहिला माझ्याकडे, की मी ओव्हन बघायला गेले. ओव्हन बंद होता.

तर त्या शनिवारी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार होता. तिथे आमचा ऑर्विल एका टेबलासमोर थिजला. म्हटलं, गेला! झटका आला! तर झटका नाही, लायल पेटिक.

कोण लायल पेटिक? बरोबर आहे, तुम्हाला नाही माहीत, कुणालाच नाही माहीत! चेंडू फेकायचा एका संघाकडून, जेमतेम एक हंगाम. पण ऑर्विल लहान असताना प्रत्येक पाकिटातून हाच निघायचा. इतर पोरं फेकून द्यायची, कुणी सायकलच्या चाकात अडकवायची टरटर वाजायला, आणि हा वेडा ती उचलून घरी आणायचा. का? तर कुणालाच नको होता म्हणून! ह्याला कायम तेच हवं असतं, जे कुणाला नको. माझ्याशी लग्न का केलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

तर त्या पेटिकचा मूळ फोटो. लाल चौकोन आहे, मागे शिक्का आहे आणि डोक्यावर टोपी आहे, पण रंगवलेली! म्हणजे झालं असं, फोटो काढला तेव्हा हा एका संघात, हिवाळ्यात त्याला दुसऱ्या संघाला विकला. आता परत फोटो कोण काढणार? कंपनीतल्या कुणीतरी ब्रश घेतला आणि जुन्या टोपीवर नव्या संघाची टोपी रंगवली. टोपी कसली, सूपचा वाडगा पालथा घातलाय! किती दिले विचारू नका. मी विचारलं नाही. आठवडाभर आम्ही सूपच प्यालो.

पण खरी गंमत टोपीत नव्हती, लाल रेघेबाहेर होती. पेटिकच्या पाठीमागे रिकाम्या बाकांच्या रांगा, सामना सुरू व्हायचाय, आणि तिथे एकच माणूस बसलाय. भर उन्हात काळा कोट, हॅट काढून गुडघ्यावर, शेजारी डबा. झालं! ऑर्विलला भिंग चिकटलं डोळ्याला. "वर्ना, हा कोण असेल?" म्हटलं, बसलेला माणूस असेल. तो बाजारातला गस, त्याला सगळ्यातलं सगळं कळतं, तो नाकातून म्हणतो, "जुगारी आहे ऑर्विल, शंभर टक्के, मी ओळखतो यांना, डब्यात पैसे असतात." शेवटी ऑर्विल म्हणाला, पेटिकलाच विचारू. आणि नंबर शोधून फोन लावला! पहिल्यांदा पलीकडून, "मला काही विकत घ्यायचं नाही!" खाड्कन आपटला. दुसऱ्यांदा ऑर्विल घाईघाईत, "मिस्टर पेटिक, माझ्याकडे तुमचा तो टोपीचा फोटो..." तर म्हातारा म्हणतो, "रंगवलेली टोपी? तो फोटो तुझ्याकडे आहे? ये घेऊन. काडेपेटी माझ्याकडे आहे."

मी काही बोलले नाही. पेट्रोल भरलं, जीपीएस लावला, फोटो मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवला, आणि मी पुढे, माझा पट्टा अडकतो तो दुरुस्त करायचाच आहे अजून, आणि निघालो दक्षिणेला खाणींच्या मुलखात.

दारात त्याची बायको, आर्लीनबाई, एवढीशी, चिमणीसारखी. म्हणाली, "आधी जेवा, मग भांडा." कोबी आणि नूडल्स लोण्यात परतलेल्या, हालुश्की, अहाहा, मी तीनदा घेतल्या आणि बसून खाल्ल्या, टेबलाशी, माणसासारख्या! आणि म्हातारा? ताडमाड, गुडघे गेलेले, आवाज मात्र भोंगा. फोटो बघताच सुरू! "ही टोपी! या संघाकडून मी एक चेंडू टाकलेला नाही, एक! हंगाम सुरू व्हायच्या आधी हाकललं मला! आणि जगात माझं एकच कार्ड, त्यात ही टोपी! चर्चमध्ये लोक विचारायचे, काय लायल, त्या संघात कसं होतं? काय सांगू, कपाळ?" ऑर्विल हातमोजे घालून मध्येमध्ये "हो मिस्टर पेटिक, नाही मिस्टर पेटिक", आणि भिंग पुढे करून म्हणतो, "पण हा मागे बसलेला गृहस्थ कोण, तेवढं..."

"मला काय माहीत! माझी पाठ होती त्याच्याकडे! असेल कुणीतरी बेकार!"

आणि आर्लीनबाई बशा उचलत होती, ती सहज वाकली. बशा खाली ठेवल्या. म्हणाली, "लायल... हात बघ."

म्हाताऱ्यानं भिंग घेतलं. हॅटवर ठेवलेला हात. आम्हाला वाटायचं, फोटो हलला म्हणून बोटं नीट आली नाहीत. फोटो हलला नव्हता. बोटं नव्हतीच. करंगळी आणि तिच्या शेजारचं, दोन्ही खाणीत गेलेली.

"पा," म्हातारा म्हणाला. भोंगा कुठल्या कुठे गेला. "हा पा आहे. माझा बाप."

तुम्हाला सांगते, त्या स्वयंपाकघरात घड्याळ नव्हतं म्हणून बरं, नाहीतर ते बंद पडलं असतं. हळूहळू सांगायला लागला. बाप कोळशाच्या खाणीत. पोरानं चेंडू फेकून पोट भरायचं, हे त्याला कधी पटलंच नाही. "चेंडू पोरं फेकतात, बाप्ये काम करतात," म्हणायचा. एकही सामना बघायला आला नाही. जवळच्या पिट्सबर्गला पोराचा संघ खेळायला यायचा तेव्हा तर घरून बसनं सकाळी निघालं की पोचता यायचं, तरी नाही. "मी दरवेळी त्याच्या नावानं तिकीट ठेवायचो मैदानाच्या खिडकीवर," म्हातारा म्हणाला, "आणि दरवेळी घरी गेलो की ते नेलं का, विचारायचो नाही." आणि मग म्हणाला, "एकदा जेवताना पा मला म्हणाला, चेंडू टाकताना तुझा डावा खांदा फार लवकर उघडतो. मी उसळलो! म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही कधी बघितलंय मला? तर त्यानं ब्रेड मोडून सूपमध्ये टाकला, आणि खात राहिला."

आर्लीनबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग म्हातारा पुटपुटला, "उघडायचाच. खांदा. लवकर."

आता इथे ऑर्विलनं काय करावं? ज्या माणसानं मला, सख्ख्या बायकोला, फोटोजवळ शिंकू दिलं नाही, तो हातमोजे काढतो आणि म्हणतो, "मिस्टर पेटिक, हा तुमचा. ठेवून घ्या." डोळे भरून आले माझे, म्हटलं, बाई गं, हाच तो, याच्याशीच केलं होतं लग्न...

आणि म्हातारा म्हणतो, "नको."

नको?

"ही टोपी मला घरात नको! मी जिवंत आहे तोवर नाही! आर्लीन, कात्री आण. मला पा कापून दे. मी मला नको, मी रोज दाढी करताना दिसतो मला."

कात्री! अहो, ऑर्विल पांढराफटक! असल्या फोटोला कोपऱ्यात टाचणीचं भोक असलं तरी ही जमवणारी मंडळी हळहळतात, आणि हा म्हणतो, मधून कापा! "अहो, सगळाच घ्या!" "टोपी नको!" "टोपीवर कागद चिकटवा!" "खाली तर राहीलच ना ती!" दोघं म्हातारे, एक घ्या म्हणून ओरडतोय, एक नको म्हणून ओरडतोय! शेवटी मी, मी बोलत नाही, पण मी म्हटलं, "अहो, कोपऱ्यावरच्या दुकानात कॉपी निघते! ती कापा!" तर म्हाताऱ्यानं ऑर्विलकडे बघितलं, आणि अगदी हळू विचारलं, "तू सांग. कॉपी चालेल?"

आणि ऑर्विलला खोटं बोलता येईना. सांगत काय होता आयुष्यभर? तो माणूस तिथे होता, तेव्हाचा हा कागद. कॉपीच्या दिवशी पा कुठे होता?

आर्लीनबाईची शिवणाची कात्री. म्हाताऱ्यानं ती ऑर्विलपुढे सरकवली, आणि ऑर्विलनंच घेतली. लाल रेघेवरून. सावकाश, जीभ दातात धरून, लहान मुलं कापतात तसं. एवढासा आवाज झाला, चर्र... आणि मला सांगा, मी आर्लीनबाईचा हात का धरला? माझा कोण लागतो तो खाणवाला? बाकं, कोट, हॅट, हात, सगळं त्यानं म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं. म्हाताऱ्यानं शर्टाच्या खिशात घातलं, बाहेर काढलं, बघितलं, परत घातलं. आम्ही गाडीत बसेपर्यंत हेच चाललं होतं.

अर्ध्या रस्त्यात ऑर्विल म्हणाला, "आता त्याला कुणी हात लावणार नाही. उरलेल्याला." म्हटलं, मग तुलाच ठेवावा लागेल. तर हसला, आणि डोळे पुसले. माझ्या स्कार्फला!

संपलं? नाही हो! कसलं संपतंय! त्या दिवसापासून हा खेळाडू बघतच नाही, रेघेबाहेरच बघतो. परवा ओरडतच आला, एका कुठल्यातरी खेळाडूच्या मागे म्हणे कठड्याला टेकून एक बाई उभी आहे, छत्री घेऊन, ऊन असताना! तिचे घरचे शोधायचेत. वेस्ट व्हर्जिनियात असतील म्हणतो. रविवारी निघायचं म्हणतो.

मी काही बोलले नाही. ॲपल पाय भाजायला ठेवलाय... रिकाम्या हातानं कसं जायचं त्या बाईकडे?