चौथा चौकोन

सेल्सा : परत घ्या ही चिठ्ठी, डॉक्टर. हा प्रश्नच नाहीये.

डॉ. रेकाल्दे : तो थंड तेरेरे चहाचा पेला ठेव आधी खाली. तू या हॉस्पिटलची ग्रंथपाल आहेस, सेल्सा, न्यायाधीश नाहीस. पुराव्याशिवाय समिती धातूची पट्टी मंजूर करत नाही, आणि ऑपरेशन उद्या आहे.

सेल्सा : "मनगटात धातूची पट्टी चांगली, असे अभ्यास काढ." याला हुकूम म्हणतात. चिठ्ठीवर चार चौकोन आहेत. रुग्ण कोण, उपचार कोणता, कशाच्या तुलनेत, आणि साधायचंय काय.

डॉ. रेकाल्दे : भरलेत की!

सेल्सा : तिसरा कोराय. 'प्लास्टर' लिहायला हात दुखला? आणि चौथ्यात काय, तर "एक्स-रेत हाड सरळ दिसणं". तो एक्स-रे ती बाई फ्रेम करून लावणारेय का?

डॉ. रेकाल्दे : बावीस वर्षं हाडं जोडतोय मी.

सेल्सा : आणि बावीस वर्षं एक्स-रेच बघताय. तुमच्या रुग्ण सेबेरियानाबाई इताउगुआ गावच्या आहेत, जाळीची लेस विणणाऱ्या. सुई धरता येईल का, हे लिहा. एकाहत्तराव्या वर्षी प्लास्टरवाला हातही वर्षाअखेरीला जवळपास तेवढाच चालतो. हे घ्या अभ्यास. वाचता येतं ना?

डॉ. रेकाल्दे : माझ्या रुग्णाचा प्रश्न तू लिहिणार?

सेल्सा : तुम्हाला जमत नाही म्हणून.

(हात गळ्यात बांधलेली सेबेरियाना दार ढकलून आत येते.)

सेबेरियाना : पार बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू येतंय. माझ्याच हातावरून चाललंय ना?

सेल्सा : या, सेबेरियानाबाई. सांगा यांना. सुई धरायचीय ना तुम्हाला?

सेबेरियाना : सुई? अगं पोरी, डोळे अधू झाले तेव्हाच सुटली ती. तीन वर्षं झाली.

डॉ. रेकाल्दे : घ्या! आता बोला, ग्रंथपाल बाईसाहेब.

सेबेरियाना : तुम्ही नका हसू, डॉक्टर. तुम्ही तर सुईचंही विचारलं नाहीत. मला माझ्या नवऱ्याला, लुसियोला, कुशीवर वळवायचंय. अंगावरून वारं गेलंय त्याच्या, दोन्ही हात लावावे लागतात. वर्षाअखेरीचं काय करू? लवकर कशानं होईल, तेवढं सांगा.

सेल्सा : लवकर... ते मी बघितलंच नाही. फाडा ती चिठ्ठी, डॉक्टर. माझा सुईचा प्रश्नपण चुकलाच.

डॉ. रेकाल्दे : नवी दे. सध्या कोण वळवतं त्यांना?

सेबेरियाना : शेजारीण येते, सकाळी एकदा. मग दिवसभर तो भिंतीकडे तोंड करून असतो. खिडकी दुसऱ्या बाजूला आहे.