दुपारी पडणारा सर्व्हर

(तलासरीतल्या एका संस्थेचं कार्यालय. दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस, दुपारचे साडेतीन. डहाणूहून दुरुस्तीला आलेला सुदाम सर्व्हरसमोर मांडी घालून बसलाय. शेजारी कार्यालयप्रमुख कविता मॅडम आणि साफसफाई बघणारी भिकी.)

सुदाम : सकाळी चालतो, दुपारी पडतो. वामकुक्षी घेतो की काय हा?

कविता : थट्टा पुरे, सुदाम. भिकीबाईंच्या दक्षाला नाशिकच्या नर्सिंग कॉलेजनं आज दुपारी आपल्या पत्त्यावर, म्हणजे ह्याच सर्व्हरवर, मेल पाठवलाय. त्यातल्या लिंकवर पाचच्या आत होकार दिला नाही, तर जागा दुसरीला.

सुदाम : दुसऱ्या पत्त्यावर मागवा ना.

कविता : अर्जातल्याच पत्त्यावर जाणार म्हणे. कॉलेजला पुन्हा फोन लावून बघते. बाहेर रेंज येते. (जाते.)

भिकी : भाऊ, पत्र आलं नी दार बंद बघून परत गेलं असंल तर?

सुदाम : नाही मावशी. मेल भलता चिवट. दार बंद दिसलं तरी चार दिवस परत परत येऊन ठोठावतो. आपण फक्त दार उघडायचं.

भिकी : मग उघड ना बाबा!

सुदाम : बघतोय. नोंदीत लिहिलंय, मेमरीत चूक. पण दुपारीच का? दुपारी काय होतं इथे?

भिकी : दोन वाजता सगळ्या शाळांची हजेरी येते. मॅडम तेव्हा चहापण घेत नाय.

सुदाम : वा, मावशी! तिथेच आहे गोम. आत मेमरीच्या दोन पट्ट्या असतात. काम थोडं असलं की एकीवर भागतं. गर्दी झाली की दुसरीवर जातं, नि तिथे अडखळतं. उघडतो आता. अरे, स्क्रू सैल? आणि चार वर्षं चाललेल्या डब्यात धुळीचा कण नाही?

भिकी : (दाराकडे बघत) मॅडम बाहेरच हाय ना?

सुदाम : पट्टीच्या सोनेरी दातांवर हे लाल काय?

भिकी : मॅडमना नको सांगू. खंडेनवमीला आमी कोयता धुतो, विळा धुतो, मग कुंकू लावतो. वरवर पुसून चालत नाय. पोरीचं पत्र ह्याच्यात येणार, मग ह्याला कसं सोडू? सुट्टीचा बंदच होता. पट्ट्या काढल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या, तेलात कालवून बोट लावलं.

सुदाम : दोन्हींना?

भिकी : एकीला. दुसरीला लावणार, तर कुंकू संपलं.

सुदाम : संपलं म्हणून अर्धा दिवस तरी चालला! खोडरबर आहे?

भिकी : मॅडमच्या टेबलावर. हे घे. रबरानं बरं होतं?

सुदाम : दात घासायचे, खाच साफ करायची. झालं. आता दाबून बसवतो… टक्. चालू. दहा मिनिटं मेमरी तपासू दे.

भिकी : किती वाजले?

सुदाम : चार दहा. चूक शून्य. आता मेलचं दार उघडतो.

कविता : (आत येत) मुदत वाढवत नाहीत ते. इकडे काय?

सुदाम : येतायत, मॅडम. हजेरी… हजेरी… पुन्हा हजेरी… हा नाशिकचा! चार बेचाळीस.

कविता : सरका. लिंक… होकार… गेला! दक्षा हिरू दुमाडा, जागा पक्की. भिकीबाई, रडताय काय!

भिकी : नाय, नाय. तुमी तुमचं काम करा.

कविता : नोंदवहीत बिघाडाचं कारण काय लिहू?

सुदाम : धूळ लिहा.

भिकी : धूळ नका लिहू, मॅडम. रोज पुसते मी. कुंकू लिहा.