राजाच्या मरणाची परवानगी

…आणि वर म्हणतात, चूक दादाची! तुम्हाला सांगतो, आमच्या दादाइतका सोशीक माणूस कुठल्या नाट्यगृहाच्या केबिनमध्ये सापडायचा नाही. दिवे तो लावणार, आवाज तो देणार, रंगमंचामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर जंगल न् राजवाडा तोच दाखवणार… सगळं एका कॉम्प्युटरवरून! प्रत्येक प्रवेशाची एक स्क्रिप्ट. नाटकाची नव्हे हो, कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची! बटण दाबलं की दिवे मंद, पडदा निळा, वाऱ्याचा घोंघाट… असं व्हायला पाहिजे. पण यंत्र पडलं संशयी! दर वेळी विचारणार, 'या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? हो की नाही?' आता दादाने करायचं काय?

बरं, विचार ना बाबा, पण दादाच्या कानात विचार! राजा पलंगावर शेवटचे आचके देतोय, राणी हुंदके देतेय, प्रेक्षकांनी रुमाल काढलेत, आणि राजाच्या डोक्यावर, पडदाभर, 'हो की नाही?' पहिल्या रांगेतले एक आजोबा ओरडले, "हो म्हणा हो, सुटेल बिचारा!"

दिग्दर्शक लालबुंद होऊन केबिनमध्ये घुसले. "राजा मरायला तुझ्या मशीनची परवानगी घेणार? पुन्हा हे दिसलं ना, तर तू घरी!" आता दादाने करायचं काय?

घरी येऊन वहिनीपुढे हात जोडले. वहिनी एका ऑफिसात कॉम्प्युटरच सांभाळते. म्हणाली, "सगळ्या स्क्रिप्टना ॲडमिनचे अधिकार एकदाच देऊन टाकते. मग विचारणार नाही. पण अहो, काहीच विचारणार नाही हं! चुकीचं दाबलंत तरी!"

"अगं, तेच तर हवंय! मला काहीही न विचारणारं एक तरी कुणी असू दे आयुष्यात!"

पुढचा प्रयोग… काय सांगू! दाबलं की जंगल! दाबलं की राजवाडा! दादाचे डोळे भरून आले. आणि त्या भरल्या डोळ्यांनीच घात केला. एकाखाली एक दोन स्क्रिप्ट. वरची 'राजाचा शेवट', खालची 'प्रयोगाचा शेवट', म्हणजे लोक घरी गेल्यावर सगळं बंद करायची. बोट पडलं खालचीवर! आणि एरवी दिव्याची वात वाढवायलाही परवानगी मागणारं ते यंत्र चकार शब्द बोललं नाही. दिवे गेले, वारा गेला, राजवाडा गेला, शेवटी स्वतःही बंद!

मिट्ट काळोख. त्यातून राजाचा आवाज, "अरे, दिवा लावा, मला मरायचंय! पलंग कुठाय?"

राणी म्हणते, "इकडे, नाथ, इकडे…" आणि धाडकन् आवाज! त्यानंतरचा राणीचा हुंदका मात्र अगदी खरा होता. केबिनमध्ये दादा घामाघूम, पासवर्ड टाकतोय, चुकतोय, पुन्हा टाकतोय, आणि खाली सगळं थिएटर हसून लोळतंय! सांगा, दादाने करायचं काय?

काढलं नाही त्याला. ते यंत्र दुसऱ्या कुणाला कळायला तर हवं! पण आता दिग्दर्शक केबिनमध्येच खुर्ची टाकून बसतात. यंत्र मुकं, आणि दादाच दर बटणाला विचारतो, "सर, दाबू?"

"थांब. नक्की हीच ना?"

"हीच, सर."

"बघू दे. चष्मा कुठे गेला माझा?"

राजा बिचारा वाट बघून बघून हल्ली भगभगीत उजेडातच मरून घेतो.