हत्ती, मांजर आणि पाचवं कलम

आधी हरीचं नाव घ्या, मग माझ्याकडं बघा. तिकडं खांबाला टेकलेल्यांनीही घ्यायचंय. डोळे मिटलेत म्हणून तुम्ही ध्यानाला बसलात असं मी काही धरणार नाही! समितीनं मला पाऊण तास दिलाय. त्यातली दहा मिनिटं हार घालण्यातच गेली. तेव्हा मुद्द्यावरच येतो.

प्रश्न असा, की माणूस वाकतो कशानं? धाकानं? सगळ्यांनी माना हलवल्या. बरं. मग ज्याला कुणी कामावरून काढूच शकत नाही, तो शेवटपर्यंत ताठच उभा राहणार ना? राहील? मंडळी, ऐका.

आंबेखिंड नावाचं एक संस्थान होतं. एवढंसं – सकाळी चालायला लागलं की जेवणाच्या वेळेला माणूस हद्दीबाहेर! पण थाट केवढा. दिवाण, दरबार, हत्तीखाना, सगळं होतं. गादीवर नवे सरकार आले, वय वर्षं बावीस. त्यांना वाटलं, आपल्या कारभारावर नजर ठेवायला असा माणूस हवा, जो आपल्यालाही भिणार नाही. म्हणून त्यांनी तपासनीस नेमला. अंतोबा त्याचं नाव. डोंगरावरच्या एका गावचा, सडपातळ, कमी बोलणारा, आणि बघेल ते दोनदा बघणारा.

नेमणुकीच्या कागदावर सरकारांनी स्वतःच्या हातानं पाच कलमं लिहिली. पहिलं, मुदत सहा वर्षं, आणि तोवर खुद्द सरकारांनाही तपासनिसाला काढता येणार नाही. पगार ठरला तो ठरला. रागावलो म्हणून कमी नाही, खूश झालो म्हणून जास्त नाही. ज्याचं काम तपासायचं, त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आपल्याकडं कसं असतं? साहेब आला की आधी चहा, मग भजी, मग दप्तर – आणि भजी संपतात तोवर साहेबाची एस्टी निघते!

चौथं कलम मोठं मजेचं. तपासनीस येताना वेशीवर त्याच्या संसाराची यादी करायची, आणि जाताना तीच यादी ताडून बघायची. वाढलेलं दिसलं की सरकारजमा. आणि पाचवं – हे नीट ऐका – मुदत संपली की या संस्थानात त्याला पुन्हा कुठलीही चाकरी मिळणार नाही. कधीच नाही.

अंतोबानं सही केली. बैलगाडी वेशीवर आली. कारकून लिहायला लागला, हंडा एक, जातं एक, पाट दोन, बायको एक. अंतोबा म्हणाला, "अहो, बायको कशाला लिहिता?" कारकून म्हणाला, "वाढली तर कळायला नको?" गाडीतून सगुणाबाईंनी असं काही बघितलं, की कारकुनानं पुढं निमूटपणे लिहिलं, मांजर एक.

पाच वर्षं नऊ महिने झाले. अंतोबाला राहायला तळ्याकाठचं सरकारी घर होतं. मागल्या दारी पाणी, पुढं फणसाची सावली. गावाकडं काय होतं? डोंगरावरचं घर आणि पाणी आणायला खाली दोनशे पायऱ्या. आणि सगुणाबाईंचे गुडघे आता कुरकुरायला लागलेले. ती कधी बोलली नाही, पण पाटावरून उठताना तिचा हात भिंत शोधायचा. अंतोबाला ते दिसायचं. बघेल ते दोनदा बघणारा ना तो!

शेवटची तपासणी निघाली हत्तीखान्याची. अंतोबा गेला, तर माहूत म्हणाला, "रावसाहेब, हत्ती आत्ताच अंघोळीला गेला." दुसऱ्या दिवशी गेला, तर "हत्ती चरायला गेला." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हत्ती जरा... पाहुण्याकडं गेलाय." आता हत्तीचे पाहुणे कोण, हे विचारायचं नाही! सरकारांना हत्ती लागायचा फक्त दसऱ्याला, आणि गेले दोन दसरे दिवाणांनी सांगितलेलं की हत्तीचा पाय दुखतोय.

अंतोबा सरळ आत गेला, उकिरड्याशी वाकला आणि शेण बघितलं. मंडळी, हत्ती लपवता येतो, शेण कसं लपवाल? हत्तीचं शेण एवढं मोठं, आणि हे होतं म्हशीचं! हत्ती मरून दोन वर्षं झाली होती. वैरण मात्र रोज येत होती, आणि खात होत्या दिवाण व्यंकटरावांच्या मेव्हण्याच्या अकरा म्हशी.

दुपारी दिवाण स्वतः अंतोबाच्या कचेरीत आले. धाक दाखवला? छे! दिवाण शहाणा होता. काढता येत नाही, पगार कापता येत नाही. ते मायेनं म्हणाले, "अंतोबा, वहिनींचे गुडघे कसे आहेत? या वयात दोनशे पायऱ्या? माझ्या मनात आहे, मुदत संपली की तुम्ही नायब दिवाण व्हावं. तळ्याकाठचं घर तुमचंच राहील."

अंतोबा म्हणाला, "पाचवं कलम आहे."

"कलम सरकारांनी लिहिलं, सरकारच खोडतील. एका सहीचं काम. तुम्ही फक्त हत्तीखान्यापुढं लिहा – पाहिलं, ठीक आहे."

आणि मंडळी, खोटं कशाला सांगू, अंतोबा हलला. सहा वर्षं कुणाच्या बापाला न भ्यालेला माणूस, आत लोण्यासारखा मऊ झाला. घरी येऊन जेवायला बसला. सगुणाबाईंनी भाकरी वाढली, पिठलं वाढलं. त्यानं सगळं सांगितलं. वाटलं, ती खूश होईल.

तिनं पिठल्याचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आपल्या सोयीसाठी जे एका सहीनं पाचवं कलम खोडतील, ते गैरसोय झाली की पहिलं खोडणार नाहीत का?"

अंतोबाचा घास हातातच राहिला.

"आणि माझ्या गुडघ्यांचं नाव पुढं करू नका," ती म्हणाली. "ते माझे आहेत, दिवाणांचे नाहीत."

काय बोलली बाई! त्याच दुपारी अंतोबानं कागदावर पाच शब्द लिहिले. 'हत्ती नाही. म्हशी आहेत. अकरा.' आणि कागद सरकारांच्या हातात दिला. दिवाण कायमचे घरी गेले. म्हशी मेव्हण्याच्या गोठ्यात परत.

मुदत संपली. बैलगाडी वेशीवर आली. कारकुनानं यादी काढली. हंडा एक, बरोबर. जातं एक, बरोबर. बायको एक, हे त्यानं अगदी हळू वाचलं. मांजर एक... आणि टोपलीतून पाच डोकी वर आली! "रावसाहेब," कारकून म्हणाला, "चार जादा आहेत."

तेवढ्यात सरकारांचा घोडा आला. सरकार खाली उतरले. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "अंतोबा, जाऊ नका. असा माणूस मला पुन्हा कुठं मिळणार? दिवाण व्हा. पाचवं कलम मी आत्ता खोडतो."

टाळ्या वाजवल्यात? थांबा! दिवाणानं देऊ केलं ते वाईट आणि सरकारांनी देऊ केलं ते चांगलं, असंच ना? अंतोबाच्या मनात पुन्हा तळं आलं, फणस आला, दोनशे पायऱ्या आल्या. त्यानं गाडीत बसलेल्या बायकोकडं बघितलं. ती लुगड्यावरून गुडघे चोळत होती, आणि त्याच्याकडं बघत नव्हती.

तो म्हणाला, "सरकार, उद्या नवा तपासनीस येईल. मी दिवाण झालेलं त्यानं बघितलं, तर तो सहा वर्षं हत्ती बघेल, की माझी खुर्ची?"

 अंतोबानं टोपलीतली चार पिल्लं उचलून एकेक करून सरकारांच्या ओंजळीत ठेवली. "चौथं कलम. जादा माल सरकारजमा." आणि गाडी हाकली. संस्थानचा राजा भर वेशीत चार म्याव म्याव हातात घेऊन उभा! लोक सांगतात, दोनशे पायऱ्यांवरून पुढं रोज एकच माणूस हंडा घेऊन चढायचा, आणि ती सगुणाबाई नव्हती.

आता मला सांगा, तुमच्या पोटात कुठलं तळं आहे? कुणाचा धाक नाही म्हणून आपण मोकळे, असं समजता ना? मग पुढच्या खुर्चीकडं बघून आजची सही का करता? तुम्ही हसताय, आबासाहेब. समितीचे अध्यक्ष म्हणून तुमची मुदत गेल्या चैत्रात संपली, असं मला हार घालताना तुम्हीच सांगितलंत. लोकांचा फार आग्रह आहे म्हणालात. मला त्या लोकांतला एक दाखवा.

असो. माझा पाऊण तास झाला. काय म्हणता, आणखी दहा मिनिटं? रंग भरलाय? आबासाहेब, आत्ता माझ्याही पोटात तळं आलं बघा. पण नको. हरीचं नाव घ्या आणि मला खाली उतरू द्या.