रूथचं नाव

(ब्राउनश्वाइग, २०१४. भाड्याच्या हॉलमध्ये वासुदेवबुवांचं कीर्तन. पूर्वरंग संपून मध्यंतर झालंय. सून ऊर्मिला धावत पडद्यामागे येते.)

ऊर्मिला : बाबा, फ्राउ हिर्श कोट घालतायत! निघाल्या त्या.

वासुदेवबुवा : निघाल्या? अगं, आता त्यांचंच तर आख्यान!

ऊर्मिला : म्हणूनच. तुम्ही जाहीर केलंत ना, 'एका ज्यू मुलीला भगवंतानं नाझींपासून तळघरात दोन वर्षं कसं सांभाळलं ते ऐका'? मी ते जर्मनमधून त्यांच्या कानात सांगत होते. तर म्हणाल्या, "मग रूथला का नाही सांभाळलं?"

वासुदेवबुवा : त्यांच्या बहिणीचं मी गाळलंय. समोर पोरं बसलीत गं.

ऊर्मिला : त्याही पोरीच होत्या. या सहा वर्षांच्या, रूथ दोन.

वासुदेवबुवा : मला शिकवतेस? रूथ रडायची, आवाज बाहेर जायचा, म्हणून तळघर जिचं होतं त्या शेतकरीणबाईनं तिला दुसरीकडे धाडलं. ती तिथे पोचलीच नाही. हे सांगून मी भैरवी कुठल्या गळ्यानं म्हणू? शेवटी देव धावून येतो, म्हणून माणसं कीर्तनाला येतात.

ऊर्मिला : इथे नाही ना आला.

वासुदेवबुवा : ऊर्मिला!

ऊर्मिला : मी नाही, त्या म्हणतायत. बाबा, गोष्ट सांगायला त्यांनी हो म्हटलं ते रूथसाठी. फोटो नाही, कबर नाही. त्या गेल्या की तिला ओळखणारं कोण?

वासुदेवबुवा : हा सुमित तबला काय ठोकत बसलाय! थांब म्हणावं. ...काय हवंय त्यांना?

ऊर्मिला : मघाशी तुमच्या मागून सगळ्यांनी विठ्ठलाचं नाव घेतलं ना? तसं एकदा रूथचं घ्याल का, विचारतायत.

वासुदेवबुवा : नारदाच्या गादीवरून? घोष देवाच्या नावाचा असतो गं. गुरुजी असते तर चिपळ्या काढून घेतल्या असत्या माझ्या.

ऊर्मिला : बरं. नाही म्हणून सांगते. त्यांची ट्राम आठ मिनिटांत आहे.

वासुदेवबुवा : उभी राहा! सगळ्या मेल्या घाईच्या... दोन वर्षांचं लेकरू ते. त्याचं नाव घेतलं म्हणून पांडुरंग का माझ्यावर रुसणार आहे? पण माझ्या जिभेवर ते नीट बसत नाही.

ऊर्मिला : मी शिकवते ना.

वासुदेवबुवा : तू नको. त्यांना वर घेऊन ये, माझ्याशेजारी खुर्ची मांड. आधी त्या म्हणतील. मी मागून म्हणेन.