अर्धं शटर

(भाईंदर पश्चिम. आनंदसागर शॉपिंग सेंटरचा तळमजला, भर दुपार. वरच्या मजल्यावर हातोडे चालू.)

स्वप्नाली : पप्पा, मोठ्या गेटला बाहेरून कुलूप आहे. दोनदा हलवून बघितलं.

दत्ताराम : मग मागच्या जिन्याने जा.

स्वप्नाली : मागचा जिना गेल्या आठवड्यात तोडला ना? तुम्हीच सांगितलंत. सलोनीला कडेवर घेऊन मी आता कुठून जाऊ?

दत्ताराम : मी आत असताना ईश्वर कुलूप लावायचा नाय गो. आता बिल्डरचा वॉचमन झाला तरी आपला माणूस आहे तो. गेटातून आधी माझं शटर बघतो.

स्वप्नाली : शटर मी ओढलं होतं. तुमचा डोळा लागला होता तेव्हा. आत्ता निघताना वर केलं.

दत्ताराम : अर्धं?

स्वप्नाली : पूर्ण. वरून सिमेंट गळत होतं, हिला खोकला सुटला.

दत्ताराम : पूर्ण ओढलंस.

स्वप्नाली : त्यात एवढं काय झालं?

दत्ताराम : तुला कोण सांगणार म्हणा. इथं अर्धं शटर म्हणजे माणूस आहे. जेवतोय, लवंडलाय, देवळात गेलाय, येईल. कुणी वारलं तरी सगळं सेंटर अर्ध्यावर. तुझी सासू गेली तेव्हा इथं एक शटर वर नव्हतं नि एक पूर्ण खाली नव्हतं. भर दिवसा पूर्ण शटर म्हणजे गाळा सोडला.

स्वप्नाली : बाकी सगळ्यांनी सोडलाच आहे. तुमच्या एका गाळ्यासाठी पुढचं काम अडलंय. ते सगळे अभिनवला बोलतात.

दत्ताराम : अभिनव मला बोलतो. तू मला बोलतेस. आता सलोनी बोलायला लागली की झालं.

स्वप्नाली : नवीन सेंटरमध्ये गाळा देतायत ना? एसी आहे, सरकता जिना आहे.

दत्ताराम : दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. बाई साडी घेऊन येते, तिला रामा रंगाचा ब्लाउजपीस हवा. ट्यूबलाइटखाली रामा आणि मोरपंखी एकच दिसतात. इथं मी म्हणतो, चला ताई, कारंज्यापाशी. वर काच आहे, खरा उजेड पडतो. घरी जाऊन शिव्या घालायची पाळी येत नाय.

स्वप्नाली : कारंज्यात मला तर फक्त खोकी दिसतात.

दत्ताराम : उद्घाटनाला उडलं होतं पाणी. उत्तनहून, राई-मुर्ध्याहून बायका नटून बघायला आल्या होत्या. मग पंप बिघडला तो बिघडला. काच मात्र राहिली. त्या काचेच्या जिवावर मॅचिंग सेंटर चाललं, अभिनव इंजिनीयर झाला. आता त्याला इथं बसल्यावर कोंडल्यासारखं होतं म्हणे.

स्वप्नाली : मलाही होतंय. आत्ता. हातोडे ऐकताय ना? एक घाव चुकला तर ती काच खाली येईल. मला हिला बाहेर काढायचंय, पप्पा.

दत्ताराम : मग काचेखाली कशाला उभी राहतेस? इकडे ये.

स्वप्नाली : फोनला रेंज इथेच येते. दुसरीकडे कुठेच नाही. अभिनव उचलत नाहीये... ईश्वरकाका! ओ ईश्वरकाका!

ईश्वर : कोन हाय आत?

स्वप्नाली : आम्ही. कुलूप काढा आधी.

ईश्वर : आयला, शेट, तुमी आत हाव? शटर पुरा खाली दिसला, मना वाटला गेलाव. फोटू पन पाठवला मी.

दत्ताराम : कुणाला?

ईश्वर : बिल्डरच्या सायबाला. त्यांनीच सांगितलेला, शेटचा शटर पुरा पडला का फोटू पाठव नि गेटला कुलूप घाल. गाला आपल्या ताब्यात. आज दुपारी पडंल, बोललं.

स्वप्नाली : आजच पडेल हे त्यांना कसं कळलं?

ईश्वर : ता मना काय म्हाईत, वयनी. सून डबा घेऊन येईल, ती शटर पाडंल, इतकाच बोललं.

दत्ताराम : स्वप्नाली, पाणी पी जरा.

स्वप्नाली : मी येणार हे फक्त अभिनवला माहीत होतं. सकाळी तोच म्हणाला, आज डबा तू ने, सलोनीला बघून पप्पा विरघळतील. धूळ फार असते, शटर पूर्ण ओढून घे. मला वाटलं, पोरीची काळजी.

दत्ताराम : पोरीचीही असेल. एका वाक्यात दोन कामं करायची सवय आहे त्याला. लहानपणापासून.

ईश्वर : कुलूप काढलाय. या लवकर. पन शेट, तुमी भायेर पाय टाकलाव, का परत आत सोडता येनार न्हाय. मना बी पोट हाय.

दत्ताराम : ऐकलंस? तू जा. घरी, सिल्व्हर पार्कला, सरळ रिक्षा मिळेल.

स्वप्नाली : आणि तुम्हाला इथे कोंडून जाऊ?

दत्ताराम : मला कोण कोंडतंय? मी तर घरी आहे.

स्वप्नाली : असं बोलू नका. हे घर नाही, तुम्हालाही माहितीये. काका, शटर अर्धं असलं तर लावाल कुलूप?

ईश्वर : अर्धा असंल त आत मानूस हाय. मानसावर कुलूप घातला त उद्या मीच आत. पन फोटू गेला ना वयनी.

स्वप्नाली : मग दुसरा पाठवा. थांबा, आधी हिला धरा. बाहेर उजेडात उभे राहा, गेटापासून लांब. सलोनी, ईश्वर आजोबांकडे जा हं, रडायचं नाही. आई इथेच आहे, दिसतेय ना?

दत्ताराम : अगो, तो हूक घट्ट झालाय. तुला नाय जमायचं.

स्वप्नाली : जमलं. एवढं पुरे?

दत्ताराम : अजून थोडं खाली. कमरेला. हां, तिथं.

स्वप्नाली : काढा फोटो, काका. मी पण आले पाहिजे त्यात.

ईश्वर : सायेब इचारतील, ही कोन.

स्वप्नाली : सांगा, डबा घेऊन आलेली सून.

दत्ताराम : उद्याही येशील? रोज रोज अर्धं धरायला?

स्वप्नाली : उद्याचं मला माहीत नाही, पप्पा. खरंच माहीत नाही.

दत्ताराम : फोन वाजतोय तुझा. अभिनव?

स्वप्नाली : हां... हॅलो. बरी आहे ती, बाहेर आहे. हो, आहे ना धूळ. काय? शटर? ...अर्धं आहे, अभिनव. पप्पा जेवतायत.